‘सस’, ‘बे’, ‘रिझ’ कुठे शोधायचे? इंग्रजी स्लँगच्या ऑनलाइन कोशांची पारख

इंग्रजी बोलीतला, म्हणजे स्लँगमधला, एखादा आखूड शब्द, तोडून किंवा आद्याक्षरं जोडून केलेला, कानावर आला की दोन प्रश्न पडतात: याचा अर्थ काय, आणि हा आला कुठून? शोधपेटीत शब्द टाकला की दोन्ही उत्तरं एकाच पानावर मिळाल्यासारखी वाटतात, आणि घोळ तिथेच सुरू होतो. अर्थ बोलणाऱ्यांच्या तोंडी असतो, त्यामुळे दहा जणांनी काय लिहिलंय ते वाचून तो बऱ्यापैकी कळतो. मूळ मात्र बहुमताने ठरत नाही. त्याला तारखेसह लेखी दाखला लागतो. अर्बन डिक्शनरी, ग्रीन्स डिक्शनरी ऑफ स्लँग, इंग्रजी विक्शनरी, एटिमऑनलाइन, मेरियम-वेब्स्टर आणि ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीचा मोफत दिसणारा भाग, या सहा ठिकाणांची इथे केलेली पारख याच कसोटीवर आहे: अर्थासाठी कोण उपयोगी, मुळासाठी कोण भरवशाचं. अनुवादक, सबटायटल लिहिणारे, इंग्रजीचे शिक्षक आणि मुलांचे मेसेज वाचून गोंधळणारे पालक, या सगळ्यांना ही ठिकाणं लागतात. पण एकच साइट धरून बसलं की फसगत होते.

सर्वांत जास्त वापरली जाते ती अर्बन डिक्शनरी. एरन पेकम या कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्याने १९९९ मध्ये ती सुरू केली, तीही रीतसर शब्दकोशांचं विडंबन म्हणून. तिथे कोणीही व्याख्या लिहू शकतो, वाचणारे पसंती किंवा नापसंतीचं मत देतात आणि जास्त मतांच्या व्याख्या साधारणपणे वर राहतात. गेल्या महिन्यात जन्मलेला शब्दही तिथे सापडण्याची शक्यता असते. ही तिची खरी ताकद आहे आणि इतर कोणत्याही कोशाला ती जमत नाही. अमेरिकेतल्या न्यायालयांनीही एखाद्या बोलीशब्दाचा अर्थ ठरवताना या साइटचा आधार घेतला आहे.

पण वर असलेली व्याख्या ही सर्वांत बरोबर असलेली नव्हे, सर्वांना आवडलेली असते. ती गमतीची असू शकते, कुणाला चिडवायला लिहिलेली असू शकते, वीस वर्षं जुनीही असू शकते. म्हणून तिथे वाचायची रीत अशी ठेवावी: पहिल्या पाच-सहा व्याख्या वाचाव्यात, प्रत्येकीखालची तारीख बघावी आणि त्यांतला समान गाभा तेवढा उचलावा. उदाहरणाचं वाक्य व्याख्येपेक्षा जास्त कामाचं असतं, कारण शब्द नाम म्हणून येतो की क्रियापद म्हणून, कौतुकाने की टोचून, हे वाक्यातच कळतं.

तारीख का बघायची, तर आखूड शब्दांचे अर्थ पिढीगणिक पालटतात. ए-एस-एल ही तीन अक्षरं १९९० च्या दशकातल्या चॅटरूममध्ये वय, लिंग आणि ठिकाण विचारायला वापरत. आजची तरुण मुलं तीच अक्षरं वाक्याच्या शेवटी ‘ॲज हेल’ या अर्थाने, म्हणजे ‘भयंकर’, ‘प्रचंड’ असा जोर द्यायला लिहितात. जुनी व्याख्या घेऊन नवा मेसेज वाचला तर निरागस वाक्यही संशयास्पद वाटेल. एस-एम-एच म्हणजे ‘शेकिंग माय हेड’, निराशेने मान हलवणं. पण सिडनीत राहणाऱ्याच्या लेखी ती ‘सिडनी मॉर्निंग हेरल्ड’ या वर्तमानपत्राची आद्याक्षरंही असू शकतात. एल-ओ-एल, म्हणजे ‘लाफिंग आउट लाउड’, मोठ्याने हसणं. त्याचा गोंधळ तर ब्रिटनच्या पंतप्रधानांपर्यंत पोहोचला होता. डेव्हिड कॅमेरन आपल्या मेसेजच्या शेवटी ‘लॉट्स ऑफ लव्ह’ समजून एल-ओ-एल लिहीत, हे २०१२ मध्ये ब्रिटिश वर्तमानपत्रांच्या वर्तनाबद्दलच्या लेव्हसन चौकशीतल्या साक्षीत बाहेर आलं. जागतिक तायक्वांदो महासंघाच्या डब्ल्यू-टी-एफ या इंग्रजी आद्याक्षरांना इंटरनेटवर शिवीचा अर्थ चिकटला, म्हणून २०१७ मध्ये संस्थेने नावातला ‘फेडरेशन’ हा शब्दच काढून टाकला.

अर्बन डिक्शनरीचा दोष एका वाक्यात सांगायचा तर मुळासाठी ती अजिबात वापरू नये. तिथे व्युत्पत्तीसाठी वेगळी जागा नाही, दाखला द्यायचं बंधन नाही, आणि आकर्षक गोष्टीला मतं मिळतात. शिवाय अश्लील आणि द्वेषपूर्ण मजकूर भरपूर आहे. शाळेच्या वर्गात पडद्यावर ती उघडू नये. मुलांसाठी मेरियम-वेब्स्टरच्या साइटवरचा स्लँगचा विभाग कितीतरी बरा.

आता मुळाकडे. आखूड शब्दांच्या बाबतीत सर्वांत मोठा सापळा असतो मागाहून रचलेल्या विस्ताराचा. शब्द आधीपासून असतो. कुणीतरी त्याच्या अक्षरांवर नंतर एक वाक्य बसवतं आणि ते वाक्यच मूळ म्हणून फिरू लागतं. ‘पॉश’ची गोष्ट आपल्याकडेही अनेकांनी ऐकलेली असते, कारण तिचा धागा मुंबईला जोडलेला आहे. इंग्लंडहून मुंबईला येणाऱ्या बोटींवर जाताना डाव्या आणि परतताना उजव्या अंगाच्या खोल्या उन्हापासून वाचायच्या. पूर्वेकडे जाताना डावी बाजू उत्तरेला येते, एवढं भूगोलाच्या दृष्टीने बरोबरच आहे. श्रीमंत प्रवासी त्या खोल्या घेत, त्यांच्या तिकिटावर ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ची चार आद्याक्षरं छापत, आणि त्यावरून ‘पॉश’ आला, असं सांगतात. अडचण एकच: असं छापलेलं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही. शब्द आजच्या अर्थाने १९१४ पासून छापील मजकुरात दिसतो, आणि बोटींची कथा १९३० च्या दशकात. त्याआधी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘पॉश’ म्हणजे छानछोकीत राहणारा पुरुष असा अर्थ नोंदलेला आहे. त्याहून आधी चोरबाजाराच्या बोलीत तो शब्द सुट्या पैशांसाठी होता, आणि तो रोमानी भाषेतल्या ‘अर्धा’ या शब्दावरून, अर्ध्या पेनीवरून आलेला. रोमानी ही आपल्याच भारतीय आर्य कुळातली भाषा, हे जाता जाता सांगण्यासारखं. या दुव्यांपैकी शेवटचा दुवा, म्हणजे पैशावरून ऐट, अजून पक्का धरला जात नाही, आणि चांगला कोश तो पक्का नसल्याचंच सांगतो. जिथे ‘मूळ अनिश्चित’ असं स्पष्ट लिहिलेलं आढळतं, त्या कोशावर माझा विश्वास वाढतो.

‘कॉप’चं तसंच. ‘कॉन्स्टेबल ऑन पेट्रोल’ किंवा गणवेशाची तांब्याची बटणं, या दोन्ही कथा चुकीच्या. ‘कॉप’ हे पकडणं या अर्थाचं क्रियापद अठराव्या शतकाच्या सुरुवातीपासून आहे. पकडणारा तो ‘कॉपर’, हा शब्द १८४० च्या दशकात दिसतो, आणि तो पुन्हा छाटून ‘कॉप’ १८५० च्या दशकाच्या शेवटी. वेटरला द्यायच्या ‘टिप’चा तत्पर सेवेशी जोडलेला तीन शब्दांचा विस्तारही असाच मागाहूनचा, तो शब्द सतराव्या शतकातल्या चोरांच्या बोलीत ‘देणं’ या अर्थाने होता. अलीकडचं उदाहरण ‘बे’, स्पेलिंग बी-ए-ई. ‘बिफोर एनिवन एल्स’ ही आद्याक्षरं असल्याचं सगळीकडे वाचायला मिळतं. प्रत्यक्षात ते अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या इंग्रजीत ‘बेब’ किंवा ‘बेबी’चं शेपूट तुटून झालेलं रूप आहे.

खरी आद्याक्षरं आणि मागाहून बसवलेली, यांत फरक कसा करायचा? याला एक साधी चाचणी आहे आणि ती बहुतेक वेळा चालते. खरा आद्याक्षरी शब्द जन्मतःच आपला विस्तार सोबत घेऊन येतो, कारण लिहिणाऱ्याला ठाऊक असतं की वाचणाऱ्याला तो कळणार नाही. ‘ओएमजी’चा सर्वांत जुना दाखला ९ सप्टेंबर १९१७ चा आहे. निवृत्त ब्रिटिश नौसेनापती लॉर्ड फिशर यांनी विन्स्टन चर्चिलना लिहिलेल्या पत्रात तीन अक्षरं टिंबांसकट आहेत आणि लगेच कंसात ‘ओह माय गॉड’ आहे. ‘ओके’ बॉस्टन मॉर्निंग पोस्टच्या २३ मार्च १८३९ च्या अंकात येतो, तोही टिंबांसकट आणि ‘ऑल करेक्ट’ या खुलाशासह. ‘ऑल करेक्ट’ मुद्दाम अशुद्ध, ओ आणि के या अक्षरांनी सुरू होईल असं लिहून त्याची आद्याक्षरं घ्यायची, अशी ती बॉस्टनच्या पत्रकारांची खेळकर टूम होती. ‘ऑल राइट’साठी ओ-डब्ल्यू हेही त्याच टूमेतलं, ते विझून गेलं. ‘ओके’ वाचला तो पुढच्या वर्षीच्या अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीमुळे. उमेदवार मार्टिन व्हॅन ब्युरेन हे किंडरहूक गावचे, त्यांचं टोपणनाव ‘ओल्ड किंडरहूक’, आणि समर्थकांनी ही दोन अक्षरं घोषणेसारखी वापरली. हे सगळं ॲलन वॉकर रीड या अभ्यासकाने जुनी वर्तमानपत्रं चाळून १९६० च्या दशकात सिद्ध केलं. ‘फोमो’चंही, म्हणजे ‘फिअर ऑफ मिसिंग आउट’चंही, तेच. पॅट्रिक मॅकगिनिस यांनी २००४ मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या विद्यार्थी वर्तमानपत्रात तो लिहिला तेव्हा संपूर्ण विस्तार देऊनच. ‘गोट’ म्हणजे ‘ग्रेटेस्ट ऑफ ऑल टाइम’, सार्वकालिक सर्वश्रेष्ठ. मुहम्मद अलींच्या पत्नी लॉनी यांनी १९९२ मध्ये या चार अक्षरांच्या नावाची कंपनी काढली, तेव्हा अक्षरांमध्ये टिंबं होती.

याउलट ‘कॉप’, ‘पॉश’, ‘बे’ हे शब्द जुन्या दाखल्यांत साध्या लहान अक्षरांत, टिंबांशिवाय, खुलाशाशिवाय येतात. लोक ते आधीपासून बोलत होते याचीच ती खूण. आणखी एक ढोबळ नियम लक्षात ठेवावा: आद्याक्षरं जोडून त्यांचा शब्दासारखा उच्चार करायची पद्धत इंग्रजीत पहिल्या महायुद्धाच्या आसपास रुळली. त्यापूर्वीच्या, विशेषतः अठराव्या शतकातल्या किंवा त्याहून जुन्या शब्दाला कुणी असा विस्तार चिकटवत असेल तर तो जवळपास नक्कीच खोटा.

ही चाचणी करायची तर जुने दाखले एका जागी दिसले पाहिजेत, आणि इथे ग्रीन्स डिक्शनरी ऑफ स्लँगला तोड नाही. ब्रिटिश कोशकार जोनाथन ग्रीन यांचा हा कोश २०१० मध्ये तीन जाडजूड खंडांत निघाला. त्यात चार लाखांहून अधिक अवतरणं होती आणि साधारण पाच शतकांची बोली. २०१६ मध्ये तो ऑनलाइन आला. सुरुवातीला अवतरणं पाहायला वर्गणी लागे, आता संपूर्ण मजकूर मोफत आहे. छापील संच ज्यांना परवडला नसता त्यांच्या हातात एका माणसाच्या कित्येक दशकांच्या मेहनतीचं फळ फुकट पडलं आहे, याची कृतज्ञता वाटते.

वापरायला तो थोडा अवघड आहे, म्हणून तपशिलात सांगतो. शब्द टाकला की अनेकदा एकाच स्पेलिंगच्या क्रमांक घातलेल्या नोंदी दिसतात: नाम १, नाम २, क्रियापद १, अशा. या वेगवेगळ्या मुळांच्या नोंदी असतात. घाईत पहिलीच उघडली तर भलत्याच शब्दाचा इतिहास वाचला जातो. नोंदीच्या सुरुवातीला चौकटी कंसात व्युत्पत्ती असते, तीही संक्षेपांत. ए-बी-बी-आर म्हणजे लघुरूप. एस-ई म्हणजे प्रमाण इंग्रजी. ‘ए-बी-बी-आर, एस-ई’ आणि पुढे एखादा शब्द दिसला तर वाचायचं असं: प्रमाण इंग्रजीतल्या त्या शब्दाचा हा तुटलेला भाग. मग प्रत्येक अर्थाला वेगळा कालखंड दिलेला असतो आणि त्याखाली अवतरणं, जुनी आधी, नवी नंतर, देशाच्या खुणेसह. वाचताना आधी सर्वांत जुनं अवतरण उघडावं, मग सर्वांत नवं. पहिल्यातून मूळ कळतं, दुसऱ्यातून तो अर्थ अजून जिवंत आहे की नाही याचा अंदाज येतो. तपशीलवार शोधात काळ, देश आणि शब्दप्रकार यांनुसार चाळणीही लावता येते. कादंबरीचा अनुवाद करताना त्या दशकात, त्या देशात शब्द खरंच वापरात होता का, हे तपासायला ती फार उपयोगी पडते.

‘सस’चं उदाहरण घ्या, स्पेलिंग एस-यू-एस, अर्थ ‘संशयास्पद’. २०२० मध्ये ‘अमंग अस’ हा मोबाइल गेम घरोघरी पोहोचला आणि हा शब्द त्यातूनच आला अशी समजूत पसरली. दाखले पाहिले की चित्र पालटतं. ‘सस्पेक्ट’, ‘सस्पिशन’ यांची ही काटछाट ब्रिटिश पोलिस आणि गुन्हेगारांच्या बोलीत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून आहे. ब्रिटनमध्ये १८२४ च्या व्हेग्रन्सी ॲक्टच्या चौथ्या कलमाखाली केवळ संशयावरून माणसाला पकडता येई. त्याला लोक ‘सस लॉ’ म्हणत. कृष्णवर्णीय तरुणांवर त्याचा सर्रास वापर झाल्याने असंतोष पेटला आणि १९८१ मध्ये ते रद्द झालं. गेमने शब्द जन्माला घातला नाही, त्याला जगभर नेलं. मेरियम-वेब्स्टरने तो २०२२ मध्ये आपल्या कोशात घेतला. इथे स्पेलिंगकडेही लक्ष हवं: जुने दाखले शेवटी दोन एस लावूनही सापडतात. एकाच स्पेलिंगवर थांबलात तर अर्धा इतिहास सुटतो.

स्पेलिंग पालटणं हा काटछाटीचा स्वभावच आहे. शब्द तोडला की उरलेला तुकडा कानाला जसा ऐकू येतो तसा पुन्हा लिहिला जातो. रेफ्रिजरेटरमध्ये नसलेला डी ‘फ्रिज’मध्ये येतो, बायसिकलचा सी ‘बाइक’मध्ये के होतो, ‘पर्क्विझिट’चा ‘पर्क’ होतो. ‘रिझ’मध्ये, आर-आय-झेड-झेड, ‘करिझ्मा’चा एस जाऊन दोन झेड आले. ऑक्सफर्डने २०२३ चा शब्द म्हणून ‘रिझ’ची निवड केली, इंटरनेटवर थेट प्रक्षेपण करणारा अमेरिकन स्ट्रीमर काय सेनाट याच्यामुळे तो पसरला. शब्दाचं डोकं आणि शेपूट दोन्ही उडवून मधला भाग ठेवायचा हा प्रकार विरळा आहे, पण नवा नाही: इन्फ्लुएंझाचा ‘फ्लू’ एकोणिसाव्या शतकातला. आणि शेवटी जोरकस झेड ठेवायची हौस तर तीनशे वर्षांची. १७१० मध्ये जोनाथन स्विफ्ट यांनी ‘द टॅटलर’मध्ये अशा अर्धवट शब्दांवर तक्रार लिहिली होती, त्यांच्या यादीत ‘फिझ’ म्हणजे चेहरा, ‘पॉझ’ म्हणजे ‘पॉझिटिव्ह’, ‘रेप’ म्हणजे ‘रेप्युटेशन’ आणि ‘मॉब’ हे शब्द आहेत. ‘मॉब’ हा लॅटिनमधल्या ‘मोबिले वल्गुस’, म्हणजे चंचल जमाव, याचा तुकडा. तो आज इतका प्रतिष्ठित आहे की बातमीत बिनदिक्कत छापला जातो. ‘पॉझ’ त्या अर्थाने मेला. ‘रेप’ बाजारातल्या नावलौकिकासाठी अजून बोलला जातो. तेव्हा आजच्या मुलांनी भाषा बिघडवली, असं म्हणणाऱ्याला ही यादी जरूर दाखवावी.

ग्रीनच्या कोशाच्या मर्यादाही आहेत. पुस्तकं, वर्तमानपत्रं, पटकथा यांचं भक्कम बळ आहे, पण कालपरवाचा टिकटॉक शब्द तिथे उशिरा पोहोचतो. मांडणी अभ्यासकासाठी आहे. पालकाला झटपट उत्तर हवं असेल तर कंटाळा येईल. वांशिक आणि लैंगिक शिव्या मूळ अवतरणांसकट आहेत, आणि ते योग्यच आहे. फक्त मुलांच्या हाती देताना ध्यानात असावं.

विक्शनरी मी पहिलं पाऊल म्हणून सुचवेन. २००२ पासून चालू असलेल्या, विकिपीडियाच्या या भावंड प्रकल्पात आखूड शब्दाचा प्रकार नेमका लिहिलेला असतो: काटछाट, उच्चारायची आद्याक्षरं, सुटी वाचायची आद्याक्षरं, की दोन शब्दांचा जोड. हा फरक निव्वळ पंडिती नाही, त्यावर उच्चार ठरतो. ‘फोमो’ शब्दासारखा म्हणायचा. टी-बी-एच अक्षरं सुटी म्हणायची किंवा पूर्ण ‘टू बी ऑनेस्ट’ वाचायचं. पानाच्या तळाशी वर्गाचा दुवा असतो. इंग्रजी काटछाटींच्या वर्गावर टिचकी मारली की शेकडो शब्दांची यादी उघडते, आणि शिक्षकाला एका तासाचा धडा आयता मिळतो. शब्द ठेवायचा तर साधारण नियम असा की तीन स्वतंत्र ठिकाणचे, टिकाऊ स्वरूपातले दाखले हवेत आणि ते किमान एका वर्षाच्या काळात पसरलेले हवेत. अगदी ताज्या शब्दांना वेगळी सूचना लावून तात्पुरतं ठेवतात. ही गाळणी अर्बन डिक्शनरीत नाही. मात्र व्युत्पत्तीच्या विभागात ‘कदाचित’ असा शब्द असेल आणि पुढे आधार दिलेला नसेल, तर ती ओळ एका संपादकाचा तर्क समजावी.

एटिमऑनलाइन, अमेरिकेतल्या डग्लस हार्पर यांची, जुन्या लघुरूपांसाठी सर्वांत सुटसुटीत. ‘बस’, ‘कॅब’, ‘पब’, ‘झू’, ‘फॅन’ हे एका मिनिटात मिळतात. ‘बस’ वाचताना थक्क व्हायला होतं: ‘ऑम्निबस’ म्हणजे लॅटिनमध्ये ‘सर्वांसाठी’, आणि त्यातला ‘बस’ हा नुसता विभक्तीचा प्रत्यय. सगळा अर्थ वाटेत गळून पडला आणि प्रत्यय रस्त्यावर धावू लागला. तिथल्या तारखा वाचताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. ‘१६६० चं दशक’ असं असेल तर ते नेमकं वर्ष नव्हे. आणि ती तारीख लिखाणाची आहे, बोलण्याची नाही. बोली कागदावर येते ती नेहमीच उशिरा. ‘ब्रो’ला सतराव्या शतकाची तारीख पाहून त्या काळी लंडनचे तरुण एकमेकांना ‘ब्रो’ म्हणत असतील असं समजू नये. ती ‘ब्रदर’ लिहिताना हाताला पडणारे कष्ट वाचवणारी लेखी खूण होती, आपण ‘सौभाग्यवती’चं ‘सौ.’ असं टिंब देऊन लिहितो तशी. हाक मारायचा ‘ब्रो’ त्याहून फार नंतरचा. नव्या इंटरनेट शब्दांसाठी ही साइट फारशी कामाची नाही.

मेरियम-वेब्स्टर सुरक्षित आहे, संथ आहे, आणि बहुतेक नोंदींत ‘पहिला ज्ञात वापर’ देतं. त्याच्या ‘टाइम ट्रॅव्हलर’मध्ये वर्ष निवडलं की त्या वर्षी पहिल्यांदा आढळलेले शब्द दिसतात.

ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी वर्गणीची, पण २०२३ मध्ये साइट नव्याने मांडल्यापासून वर्गणी नसलेल्यालाही शब्दाचं माहितीपान दिसतं. त्यात सर्वांत जुन्या दाखल्याचं वर्ष, बहुतेकदा तो कुठला हेही, आणि व्युत्पत्तीचा एक-दोन ओळींचा गोषवारा असतो. आपल्या कामाला पुष्कळदा तेवढंच पुरतं. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांनी स्थानिक सार्वजनिक वाचनालयाच्या कार्डाचा क्रमांक टाकून पाहावा. पुष्कळ वाचनालयांनी वर्गणी भरलेली असते आणि पूर्ण कोश घरबसल्या उघडतो. एल-ओ-एल, ओएमजी आणि एफ-वाय-आय (‘फॉर युअर इन्फर्मेशन’) यांना या कोशाने मार्च २०११ मध्ये घेतलं. तिथलं एल-ओ-एल वाचण्यासारखं आहे: हसण्याच्या अर्थाआधी, १९६० च्या सुमारास, त्याचा अर्थ ‘लिटल ओल्ड लेडी’ असा होता.

ऑस्ट्रेलियात मुलं शाळेत गेलेल्या घरांसाठी वेगळी शिफारस. तिथे शब्द तोडून पुढे ‘ओ’ किंवा ‘ई’ लावायची पद्धत इतकी नियमित आहे की एकदा कळली की निम्मे शब्द आपोआप उलगडतात: पेट्रोल पंप ‘सर्व्हो’, रुग्णवाहिकेचा कर्मचारी ‘अँबो’, सुतार-प्लंबर ‘ट्रेडी’, डास ‘मॉझी’, न्याहारी ‘ब्रेकी’. ‘आर्व्हो’ म्हणजे दुपार. ‘आफ्टरनून’मधला फ तोंडात मऊ होऊन व झाला, म्हणून तो चटकन ओळखू येत नाही. ‘सेल्फी’ याच साच्यातला; त्याचा सर्वांत जुना दाखला २००२ मधला आणि ऑस्ट्रेलियातलाच. कॅनबेऱ्यातल्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीच्या कोशकेंद्राने ऑस्ट्रेलियन शब्दांचे अर्थ आणि मूळ सांगणारं पान मोफत ठेवलं आहे. नोंदी मोजक्या, पण दाखल्यांसह आणि वाचायला सोप्या.

एखादा शब्द पूर्ण तपासायचा असेल तर क्रम असा ठेवावा. आधी शब्द ज्या वाक्यात भेटला ते वाक्य, देश आणि वर्ष लिहून घ्यावं. संदर्भाशिवाय शोधलेला आखूड शब्द हमखास चुकतो. मग विक्शनरीत प्रकार आणि सर्व अर्थ पाहावेत. शब्द ताजा असेल तर अर्बन डिक्शनरीत तारखेसह अर्थ जुळवावा. मग ग्रीनमध्ये सर्वांत जुनं अवतरण, देश आणि दुसरं स्पेलिंग तपासावं, आणि शेवटी ऑक्सफर्डच्या माहितीपानावरच्या वर्षाशी ते पडताळावं. दोन्ही वर्षं जुळली नाहीत तर घाबरायचं कारण नाही. जे जुनं आणि ज्याचं वाक्य डोळ्यांना दिसतं ते धरावं. कुणी आद्याक्षरांची गोष्ट सांगत असेल तर टिंबांची आणि विस्ताराची चाचणी लावावी. सरावाने हे सगळं दहा मिनिटांत होतं. शोधयंत्राच्या वर येणाऱ्या तयार उत्तरावर विसंबू नये, कारण जी कथा जास्त पानांवर तीच तिथे वर येते, आणि खोट्या विस्तारांच्या कथा नेहमीच जास्त पानांवर असतात.

एक मोठी उणीव मात्र या सगळ्यांतच आहे. आपल्याकडच्या इंग्रजीतली लघुरूपं यांत फार अपुरी सापडतात. पुण्या-मुंबईच्या कट्ट्यावर ‘पीजे’ म्हणजे पाणचट विनोद, ‘पुअर जोक’. परदेशी कोशात तो झोपायचा पायजमा असतो. ‘एटीकेटी’, ‘फंडा’, ‘एन्थू’, ‘सेंटी’, ‘आर्बिट’, साध्या फोनच्या एसएमएसच्या काळातलं ‘जीएन एसडी टीसी’ (गुड नाइट, स्वीट ड्रीम्स, टेक केअर), हे लाखो लोकांनी वापरलेले शब्द आहेत. अशांचा अर्थ अर्बन डिक्शनरीत एखाद्या भारतीय विद्यार्थ्याने लिहून ठेवलेला मिळू शकतो, पण पहिल्या वापराची तारीख तिथे मिळणार नाही. यावर उपाय आपल्याच हातात आहे. विक्शनरीला लागतात ते दाखले कॉलेजच्या वार्षिकांकांत, वर्तमानपत्रांच्या युवा पुरवण्यांत, छापील कथा-कादंबऱ्यांत पडून आहेत. इंग्रजी वाक्यात आलेला शब्द शोधावा, वाक्य जसंच्या तसं उतरवावं, प्रकाशनाचं नाव, वर्ष आणि पान लिहावं, आणि असे तीन दाखले वेगवेगळ्या लेखकांचे आणि किमान वर्षभराच्या अंतरात पसरलेले जमले की नोंद करावी. मराठी मजकुरात देवनागरीत आलेला ‘फंडा’ इंग्रजी नोंदीला दाखला म्हणून चालत नाही. तो मराठी शब्द म्हणून वेगळ्या विभागात जातो, आणि तिथेही त्याची गरज आहेच.